चेर्नोबिलचे लांडगे आणि आपला सोयीस्कर हिशोब

अणुऊर्जेवर वाद सुरू झाला, मग तो ऑफिसच्या कॅन्टीनमधे असो नाहीतर फॅमिली ग्रुपवर, की हल्ली दहा मिनिटांत कोणीतरी चेर्नोबिलच्या लांडग्यांचा व्हिडिओ टाकतंच. अणुभट्टीशेजारचं ओसाड पडलेलं प्रिप्यात शहर, रस्ते फोडून वर आलेली झाडं, मधूनच पळणारं रानघोड्यांचं टोळकं आणि खाली मजकूर, की बघा एवढा मोठा स्फोट होऊन पण जंगल फुललंय, तुम्ही उगाच रेडिएशनच्या नावाने गळे काढताय. त्यावर उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचा कोणीतरी दोन डोक्यांच्या वासराचा फोटो टाकतो, तो कुठला, कधीचा याचा काही पत्ता नसतो, आणि मग दोन्हीकडून नुसती फेकाफेक. सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं टार्गेट जाहीर केलंय, म्हणजे हा वाद आता वाढतच जाणार, त्यामुळे तो जरा नीट घालावा एवढीच अपेक्षा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लांडगे वाढले हे खरं आहे, पण त्यावरून किरणोत्सर्ग निरुपद्रवी ठरत नाही, आणि वासराच्या फोटोवरून तो किती घातक आहे हेही कळत नाही. निसर्गाला किरणोत्सर्गापासून जपायचं असेल तर निसर्गालाच मोजावं लागतं, त्याच्या मापाने, आणि प्रकल्प उभा राहायच्या आधीपासून. माणूस सुरक्षित ना, मग बाकी सगळं आपोआप सुरक्षित, या एका गृहीतकावर जगाने तीस वर्षं काढली आणि आपल्याकडची चर्चा अजून तिथेच अडकलीये.

आधी लांडगेवाल्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू, कारण ते बरंच आहे. २६ एप्रिल १९८६ ला आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, त्या वर्षात साधारण १ लाख १६ हजार माणसं त्या भागातून हलवली, आणि बेलारूसने आपल्या बाजूचा पट्टा १९८८ मधे राखीव म्हणून जाहीर केला. या बेलारूसच्या बाजूची पाहणी २०१५ मधे छापून आली. सुरुवातीच्या वर्षांतली हेलिकॉप्टरमधून केलेली मोजणी आणि नंतर बर्फातल्या पावलांच्या ठशांची मोजणी, असा तो अभ्यास. निष्कर्ष काय, तर एल्क (मोठ्या जातीचं हरीण), हरणं, रानडुकरं यांची संख्या आजूबाजूच्या स्वच्छ अभयारण्यांइतकीच, आणि लांडगे तर जवळपास सात पट. त्याच पट्ट्यात जास्त किरणोत्सर्गाच्या जागी प्राणी कमी असंही काही दिसलं नाही. १९९८ मधे युक्रेनच्या बाजूला तीसेक प्रझेवाल्स्की घोडे आणून सोडले, ते टिकले, वाढले. लिंक्स, म्हणजे मोठी रानमांजरं, परत आली, अस्वलं दिसायला लागली. शेती, शिकार, जंगलतोड आणि माणसाचा रोजचा वावर हे सगळं मिळून मोठ्या प्राण्यांना त्या किरणोत्सर्गापेक्षा जास्त जड जात होतं, हे या आकड्यांतून निघतं आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. आपल्याला ते ऐकायला आवडत नाही, एवढंच.

पण हे आकडे नक्की कशाचे आहेत? माणूस उठून गेल्यावर काय होतं त्याचे. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मधे १९५३ पासून चार किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, सुरुंगांनी भरलेला, माणसाला तिथे पाऊल टाकायची बंदी, आणि तिथे दुर्मिळ क्रौंच पक्षी मजेत हिवाळा काढतात. म्हणून भूसुरुंग क्रौंचांना मानवतात असं म्हणणारा एक तरी शहाणा माणूस तुम्हाला भेटलाय? मग चेर्नोबिलच्या बाबतीत तेच वाक्य आपण इतक्या सहज का गिळतो? आणि बर्फातले ठसे मोजून लांडगे किती ते कळतं, ते किती वर्षं जगतात, पिल्लं किती जगतात, बाहेरून किती येतात आणि आत किती मरतात हे नाही कळत. रिकामा झालेला एवढा मोठा मुलूख, तिथे बाहेरून प्राणी येत राहणारच. (२०२४ मधे चेर्नोबिलच्या लांडग्यांनी कॅन्सरवर मात केली अशी बातमी सगळीकडे फिरली, ती मुळात एका परिषदेत मांडलेल्या प्राथमिक निष्कर्षांवर होती, पण हेडलाइनला काय त्याचं.)

शिवाय लांडगा हा त्या गोष्टीतला शेवटी आलेला पाहुणा आहे. १९८६ च्या उन्हाळ्यात काय झालं ते बघायचं तर खाली जमिनीवर बघायला हवं. भट्टीच्या पश्चिमेचं पाइनचं जंगल काही आठवड्यांत लालसर तपकिरी होऊन मेलं, साधारण चार ते सहा चौरस किलोमीटर, त्यालाच आज रेड फॉरेस्ट म्हणतात, आणि नंतर ती झाडं बुलडोझरने आडवी करून खंदकात पुरली. त्याच जागी बर्चची झाडं मात्र बरीचशी तगली. असं का? तर पाइनसारख्या झाडांची गुणसूत्रं आकाराने मोठी, त्यामुळे किरणांचा मार त्यांना जास्त बसतो, झाडांच्या जगात ती सगळ्यात हळवी. भट्टीपासून तीन ते सात किलोमीटरवर जंगलातल्या पालापाचोळ्यात राहणारे बारीक जीव, मातीतले माइट वगैरे, जवळपास तीस पटीने कमी झाले आणि त्यांची वीण बिघडली. शेजारच्या नांगरलेल्या शेतात मात्र एवढा फटका बसला नाही, कारण वरून पडलेला सगळा माल पाचोळ्याच्या थरात अडकला होता आणि मातीखालच्या जिवांवर मातीचंच छप्पर होतं. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, बांधाच्या या बाजूचा किडा मेला आणि त्या बाजूचा वाचला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत पाचोळ्यातले जीव परत आले हेही खरं, पण हे कळलं कसं? कोणीतरी गुडघ्यावर बसून पाचोळा चाळला, मोजला म्हणून. व्हिडिओ काढणाऱ्याच्या ड्रोनला माइट दिसत नाहीत.

बेडकांचंही एक बघा. २०२२ मधे आलेला अभ्यास सांगतो की चेर्नोबिल पट्ट्यातले झाडावरचे बेडूक बाहेरच्यांपेक्षा काळे आहेत, आणि हा काळेपणा आजच्या किरणोत्सर्गाशी जुळत नाही, अपघाताच्या वेळी जिथे जास्त होता त्या जागांशी जुळतो. संशोधकांचा अंदाज असा की मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीतल्या काळ्या रंगद्रव्यामुळे, काळ्या बेडकांना संरक्षण मिळालं आणि तेच मागे उरले. लगेच मथळे आले, निसर्गाने जुळवून घेतलं. अरे पण जुळवून घेतलं म्हणजे काय झालं असेल? हिरवे बेडूक पिढ्यानपिढ्या मागे पडत गेले असतील, तेव्हा काळे उरले. अंदाज बरोबर असेल तर ती मरणाची नोंद आहे, फक्त ती आनंदाने वाचली जातेय. पक्ष्यांचं चित्र तर अजून गुंतागुंतीचं. मोलर आणि मूसो या संशोधकांच्या जोडीने वर्षानुवर्षं काम करून जास्त किरणोत्सर्गाच्या जागी पक्षी कमी, पाकोळ्यांच्या पिसांत पांढरे डाग, मेंदू लहान असं बरंच मांडलं, आणि त्यांच्या पद्धतीवर, डोस (म्हणजे अंगाला किती किरणोत्सर्ग बसला ते) मोजण्यावर इतर शास्त्रज्ञांनी जोरदार आक्षेपही घेतले. हा वाद मिटलेला नाही आणि माझा मुद्दा त्याच्यावर उभा नाहीये. मुद्दा असा की जिथे जग इतकी वर्षं मोजतंय तिथे अजून भांडण मिटत नाही, आणि आपण एका व्हिडिओवर निकाल लावून मोकळे होतो.

आता खऱ्या प्रतिपक्षाकडे येतो, कारण व्हिडिओवाल्यांना हरवणं सोपं आहे. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, १९७७ मधे आपल्या शिफारशींमधे साधारण असं म्हटलं की माणसाला पुरेसं संरक्षण दिलं तर इतर सजीवांनाही पुरेसं मिळण्याची शक्यता आहे, आणि १९९० मधे तेच थोड्या फरकाने परत म्हटलं. ही काही आळशी लोकांची पळवाट नव्हती. त्यामागे गणित आहे. सामान्य माणसासाठी, निसर्गातून मिळतो त्याच्यावरच्या जास्तीच्या डोसाची मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट (माणसाच्या डोसाचं माप). आणि आज आयसीआरपी हरीण, उंदीर, बदक यांच्यासाठी डोसाच्या ज्या पट्ट्यात परिणामांचा विचार करा म्हणते तो रोज ०.१ ते १ मिलीग्रे (शरीरात किती किरण शोषले गेले त्याचं माप), म्हणजे खालचं टोक धरलं तरी वर्षाला छत्तीसेक मिलीग्रे, आणि खेकडा, मधमाशी, गांडूळ यांचा पट्टा त्याच्याही शंभरपट वर. गॅमा किरणांपुरते हे दोन आकडे ढोबळमानाने शेजारी ठेवता येतात. म्हणजे जिथे माणूस राहतो, पितो, खातो तिथे माणसाची मर्यादा पाळली की हरणाचं बहुतेक वेळा भागतंच. अणुऊर्जा खात्यातला कोणी इंजिनीअर हे शांतपणे समजावून सांगेल आणि तो बरोबर असेल.

गोची आहे ती 'जिथे माणूस राहतो' या अटीत. माणूस तिथून उचलून नेला की माणसाचा डोस शून्य होतो, नियमाच्या दृष्टीने सगळं आलबेल, आणि हरीण तिथेच चरत असतं. चेर्नोबिलचा सगळा बंदी पट्टा याच व्याख्येत बसतो. खोल समुद्राचं बघा. अटलांटिकच्या तळाशी किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं टाकायचा प्रकार १९८० च्या दशकापर्यंत चालला, १९८३ मधे तात्पुरती स्थगिती आली, आणि पूर्ण बंदीवर एकमत व्हायला १९९३ उजाडलं. त्या काळात हिशोब कसा व्हायचा? एवढ्या खोलातून फिरत फिरत माणसाच्या ताटात किती येईल, तर नगण्य, मग टाका. तळाच्या चिखलात राहणाऱ्या जिवाला किती बसेल हा प्रश्न त्या सूत्रात नव्हताच. अशा जागी सूत्र चुकतं असं नाही, ते त्या जागेबद्दल काही बोलतच नाही.

आणि माणसाला चालतं ते सगळ्यांना चालतं यावरचा भरवसा आपण भारतात एकदा फार महागात फेडलाय. डायक्लोफेनॅक आपण आजही गुडघा दुखला की खातो, गाईला दिलं तर गाय बरी होते. ते औषध दिलेली गाय मेली आणि गिधाडांनी खाल्ली की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मधे हे कारण सापडलं, २००६ मधे जनावरांसाठी औषधावर बंदी आली, पण तोपर्यंत गिधाडांच्या मुख्य जातींची पंचाण्णव टक्क्यांहून जास्त संख्या संपली होती. कुठल्याही माणसाच्या सुरक्षिततेच्या चाचणीत ते दिसलं असतं का? शक्यच नाही. गिधाडाचं गिधाड म्हणून काय होतं हे बघायला कोणी नव्हतं. किरणोत्सर्ग असाच वागतो असं मी म्हणत नाही, त्याचं शास्त्र औषधापेक्षा खूप जास्त कळलेलं आहे. पण 'माणसाला चालतं' या वाक्याची किंमत काय असू शकते ते आपल्याइतकं कोणाला माहीत असावं?

आपण प्राणी मोजतो तेव्हासुद्धा बरेचदा खाणाऱ्याच्या वतीने मोजतो. चेर्नोबिलचा ढग स्कँडिनेव्हियावर गेला, तिथल्या दगडफुलांनी त्यातलं सीझियम, हा किरणोत्सारी पदार्थ, शोषून घेतलं, ती रेनडिअरनी खाल्ली, आणि सामी लोकांचे कळपच्या कळप विकण्यालायक राहिले नाहीत. स्वीडनने मांसाची मर्यादा किलोला ३०० बेकेरल (किरणोत्साराचं माप) ठेवली होती, ती १९८७ मधे १५०० केली. नॉर्वेने ६०० ची थेट ६००० केली, कारण सामींचं जगणंच मोडत होतं आणि बाकीची जनता रेनडिअर कितीसं खाते. धोरण म्हणून मला हे समजतं, माणसांच्या बाजूने ते योग्यही असेल. पण मर्यादा दहापट झाली त्या रात्री रेनडिअरच्या अंगातलं सीझियम होतं तेवढंच होतं. बव्हेरियाच्या रानडुकरांचंही तसंच. इतर प्राण्यांतलं सीझियम कमी होत गेलं, डुकरांतलं होईना, आणि २०२३ मधे कळलं की त्यातला मोठा वाटा चेर्नोबिलचा नसून १९५०-६० च्या दशकातल्या अणुबॉम्ब चाचण्यांचा आहे, जमिनीखालच्या एका बुरशीत साठलेला, जी डुकरं हिवाळ्यात उकरून खातात. काय सुंदर शोधकार्य आहे! आणि ते झालं कशामुळे, तर डुकराचं मटण विकायचं की नाही या प्रश्नामुळे. आपल्याकडे प्रत्येक अणुवीज केंद्राशेजारी पर्यावरण तपासणीची प्रयोगशाळा असते, तारापूरलाही आहे, ती माणसं इमानेइतबारे दूध, भाजी, पाणी, मासळीचे नमुने तपासतात. भर कशावर आहे ते त्या यादीतच दिसतं. ती ताटाची यादी आहे.

एवढं वाचून विरोधक खूश झाले असतील तर थांबा जरा. भीतीच्या बाजूनेही निसर्गाचं वाटोळं होतं आणि ते मोजायला कोणी जात नाही. फुकुशिमात मार्च २०११ नंतर शेतांतली, अंगणांतली वरची पाचेक सेंटीमीटर माती खरवडून काढली, सगळं मिळून साधारण १ कोटी ४० लाख घनमीटर माल गोळा झाला. माणसं परत यावीत म्हणून ते केलं आणि अनेक ठिकाणी ते लागणारच होतं. पण ती पाच सेंटीमीटर म्हणजेच शेताचा जीव, गांडुळं, बुरशी, बिया सगळं तिथेच. डोस अगदी कमी असलेल्या जागी किरणोत्सर्गाने गांडुळाचं जेवढं बिघडलं असतं त्यापेक्षा फावड्याने जास्त बिघडवलं असणार. मग ऑगस्ट २०२३ पासून तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला लागले तर चीनने जपानची मासळीच बंद केली, आणि आपल्याकडेही 'पॅसिफिक मेला' छापाचे फॉरवर्ड आले. गंमत म्हणजे त्या पाण्याच्या बाबतीत जपानने आधीच चपटा मासा, खेकडा आणि समुद्रशेवाळ यांना किती डोस बसेल याचं गणित करून ठेवलं होतं, तो त्यांच्यासाठीच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी खाली आला. सोडण्याला विरोध करायचा तर जरूर करा, पण त्या खेकड्याच्या आकड्याशी भांडा. तसंच चिमण्या मोबाईल टॉवरने गेल्या हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय, की घरटी करायला वळचण उरली नाही, पिल्लांना भरवायला किडे उरले नाहीत, ही साधी कारणं कोणाला ऐकायचीच नसतात. आणि टॉवरचे किरण वेगळे, भट्टीचे वेगळे, हे सांगायला गेलं की तुम्ही कंपनीचे एजंट.

म्हणून २००७ मधे आयसीआरपीने आपली भूमिका बदलली आणि पुढच्या वर्षी बारा नमुनेदार सजीवांची यादी दिली, तिचं मला मोल वाटतं. हरीण, उंदीर, बदक, बेडूक, ट्राउट, चपटा मासा, मधमाशी, खेकडा, गांडूळ, पाइन, रानगवत, तपकिरी समुद्रशेवाळ. प्रत्येकाचा आकार, राहायची जागा, डोसाचा पट्टा. पहिल्यांदाच बेडकाला बेडूक म्हणून रकाना मिळाला. पण यादी वाचताना लगेच कळतं ती कुठे बसून केलीये. कोकणात ट्राउट कुठे आणि पाइन कुठे? आपल्याकडे तिवरं आहेत, कालवं आणि मुळे नावाचे शिंपले आहेत, जे दिवसभर पाणी गाळत बसतात आणि पाण्यात जे जे असेल ते अंगात साठवतात, खाडीच्या चिखलातली चिंबोरी आहे. आणि सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाची जमीन मोठ्या प्रमाणात पडीक आहे असं प्रकल्प आला तेव्हा सांगितलं गेलं. एप्रिलमधे बघितली तर कोणालाही तसंच वाटेल, काळा तापलेला कातळ. तोच कातळ ऑगस्टमधे जाऊन बघा. खळग्या-खळग्यात वीतभर पाणी, त्यात बेडकांची अंडी, कडेने सीतेची आसवं निळी पसरलेली, मधे गेंदाची पांढरी बटणं आणि किडे खाणारं दवबिंदूचं रोप. इथला बेडूक वर्षातले मोजके महिने त्या उथळ पाण्यात वाढतो आणि उरलेला काळ कातळाच्या भेगेत काढतो. हवेतून जे काही खाली बसेल ते याच खळग्यांत धुऊन येणार. युरोपातल्या तळ्यातल्या बेडकाचं गणित याला जसंच्या तसं लागू होईल असं मानायला काय आधार आहे?

त्यात आणखी एक निवड लपलेली असते जी कोणी उघड बोलत नाही. माणसाच्या बाबतीत आपण प्रत्येक माणूस जपतो, प्राण्यांच्या बाबतीत फक्त संख्या. शंभरातले चार बांगडे मेले तर जातीला फरक पडत नाही, ठीक आहे, मीही बांगडा खातो, मला यात ढोंग करायचं नाही. पण त्याच राजापूर तालुक्यात वेत्येच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, ती अंडी वाळूत पन्नासेक दिवस असतात, मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. इथे सरासरीचा हिशोब चालणार आहे का? जिथे माद्याच थोड्या तिथे एकेक मादी मोजावी लागते, आणि हे आधी ठरवून जाहीर करायला हवं, अपघातानंतर सोयीप्रमाणे नाही.

यावर शेवटचा आणि मला सगळ्यात पटणारा आक्षेप असा, की बाबा रे, निसर्गाला मारणाऱ्या गोष्टींच्या रांगेत किरणोत्सर्ग फार मागे उभा आहे. मे २०२४ मधे घाटकोपरला विमानाला धडकून ३९ फ्लेमिंगो एका रात्रीत गेले. ठाण्याच्या खाडीच्या एका काठाला अणुसंशोधन केंद्र आहे, पण खाडीचा जीव घेतंय ते सांडपाणी आणि भराव. जैतापुरातही सगळं सुरळीत चाललं तर मासळीला पहिला त्रास समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याचा होईल, जवळच्या साखरी नाट्याचे मच्छीमार हेच तर सांगत होते. सगळं मान्य. पण मोजणी ही काही एकेका शत्रूसाठी वेगळी करायची गोष्ट नाही. सड्यावरचे बेडूक, खाडीतली कालवं, किनाऱ्यावरची घरटी यांची वर्षानुवर्षांची नोंद असेल तर ती गरम पाण्याला लागू पडते, भरावाला पडते, सीझियमलाही पडते. नोंद नसेल तर उद्या काहीही झालं की एक बाजू म्हणणार मासळी भट्टीने गेली, दुसरी म्हणणार मासळी आधीपासूनच कमी होती, आणि दोघांकडेही दाखवायला कागद नसेल.

पर्यावरण परिणामाच्या अहवालासाठी होते ती पाहणी एखाद्या हंगामाची, फार तर वर्षभराची असते. कोकणात तारली एका वर्षी टोपलीने वाटावी लागते आणि पुढच्या वर्षी दिसत नाही, तिथे एका वर्षाच्या आकड्याचं करायचं काय? जैतापूरला पर्यावरण मंजुरी मिळाली नोव्हेंबर २०१० मधे, ३५ अटींसह. सहा भट्ट्या, ९९०० मेगावॅट, आणि अजून एकही भट्टी उभी नाही. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, किरणोत्सर्ग मोजण्यात हयात घालवलेली माणसं ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात आहेत, गावोगावी कासवमित्र पहाटे किनारा चालतात. मंजुरीच्याच महिन्यात या सगळ्यांना एकत्र बसवून सड्याची आणि खाडीची वही उघडली असती तर आज पंधरा वर्षांची नोंद हातात असती, प्रकल्पवाल्यांच्याही आणि विरोधकांच्याही. ती मागणी तेव्हा ना मोर्च्यात जोरात होती, ना मंत्रालयात. प्रकल्प होवो नाहीतर रद्द होवो, ती वही उघडायला आजही कोणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, फक्त ती मोजणाऱ्यांचा पगार प्रकल्पाच्या खिशातून थेट येता कामा नये, ही एक अट मात्र पहिल्या पानावर लिहून घ्यावी लागेल.